“काही होत नाही रे!” : तेलाचं जहाज, बंदर आणि एका रात्रीचा अर्धा तास

भाग ऐकायला इयरफोन विसरलेल्यांसाठी, आणि “ऐकताना आकडे डोक्यात राहत नाहीत” अशी तक्रार करणाऱ्यांसाठी, नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलताना लावलेलं पाल्हाळ थोडं छाटलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात घरातूनच करू. गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये तुम्ही कधी ना कधी बसला असाल. सीगल्सना चिप्स टाकून झाल्या, सेल्फी झाल्या, की समोर एक छोटं हिरवं बेट दिसतं. त्यावर गोल गोल टाक्या, बाहेर पाण्यात लांबलचक धक्के आणि धक्क्याला टेकलेलं एखादं अजस्र जहाज. हे जवाहर द्वीप. जुनं नाव बुचर आयलंड. १९५० च्या दशकात ट्रॉम्बे-माहुलकडे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, तेव्हा त्यांना कच्चं तेल पुरवायला इथं टँकर लागायला सुरुवात झाली. तेल समुद्राखालच्या पाइपातून पलीकडे जातं.

आता प्रश्न असा की एवढा खटाटोप कशाला? मुंबईत चांगल्या गोद्या होत्या की! जहाज थेट गावाच्या धक्क्याला का नाही लावायचं?

याचं उत्तर म्हणजे तेलाच्या बंदरांचा पहिला नियम: तेलाचं जहाज माणसांच्या वस्तीपासून लांब ठेवा. आग लागलीच तर गाव वाचलं पाहिजे. सोपं आहे, पटतं. पण याच नियमाची एक दुसरी बाजू आहे, आणि आजची गोष्ट त्या दुसऱ्या बाजूची आहे. जहाज गावापासून लांब नेलं की गाव सुरक्षित होतं, पण त्या जहाजावर आणि धक्क्यावर काम करणारी माणसं एकटी पडतात. त्यांच्यापर्यंत मदत पोहोचायची कशी?

आयर्लंडमध्ये १९७९ साली एका रात्री हा प्रश्न विचारला गेला. उत्तर द्यायला कोणी जागेवर नव्हतं.

रॉकेलचा डबा आणि सुएझचा पहारेकरी

तिकडे जाण्याआधी थोडं मागे जाऊ. आजी रॉकेल म्हणायची ते आठवतंय? ‘रॉक ऑइल’, म्हणजे दगडातून निघालेलं तेल, त्यावरून आपल्याकडे तो शब्द रुळला. एकोणिसाव्या शतकात हे तेल जहाजातून यायचं ते पत्र्याच्या डब्यांत. दोन-दोन डबे लाकडी खोक्यात, आणि अशी हजारो खोकी जहाजाच्या पोटात. डबे गळायचे आणि जागा फुकट जायची. मग डोकं लढवून लोकांनी जहाजालाच डबा करून टाकलं. १८८६ मध्ये ‘ग्लुकआउफ’ नावाचं जहाज पाण्यात उतरलं. त्यात तेल थेट जहाजाच्या पोटातल्या कप्प्यांत ओतलेलं असायचं. आजच्या टँकरची ही पणजी.

पण तेलाने भरलेलं असं जहाज सुएझ कालव्यातून सोडायला कालव्याची कंपनी तयार होईना. अरुंद कालव्यात ते पेटलं तर? शेवटी कंपनीने अटी घातल्या की जहाज अमुक पद्धतीने बांधलेलं असेल तरच आत घेऊ. मार्कस सॅम्युअल या लंडनच्या व्यापाऱ्याने त्या अटींना उतरेल असं जहाज मुद्दाम बांधून घेतलं. ‘म्युरेक्स’ त्याचं नाव. ऑगस्ट १८९२ मध्ये ते कालव्यातून पार झालं. पुढे याच सॅम्युअलच्या धंद्यातून शेल कंपनी उभी राहिली.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. नियम पाळला म्हणून धंदा बुडाला नाही. उलट नियम पाळला म्हणूनच दार उघडलं. दारावरचा पहारेकरी कडक होता, एवढंच.

कालवा बंद झाला आणि जहाजं फुगली

आता पंचाहत्तर वर्षं पुढे. जून १९६७, अरब-इस्रायल युद्ध. सुएझ कालवा बंद झाला तो थेट १९७५ पर्यंत. आखातातलं तेल युरोपला न्यायचं तर अख्ख्या आफ्रिकेला वळसा. एवढा लांबचा फेरा मारायचाच आहे, तर एका खेपेत जास्तीत जास्त माल न्या, असा हिशोब झाला. रिक्षाऐवजी ट्रक! जहाजं फुगत गेली आणि तीन लाख टनांच्या पुढे गेली. इतकी मोठी की युरोपातल्या बहुतेक बंदरांत त्यांचा तळ टेकायचा.

मग आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्क परगण्यात, बँट्री नावाच्या खाडीवर नजर गेली. खोल पाणी, डोंगरांचा आडोसा. खाडीत व्हिडी नावाचं छोटं बेट, त्यावर शेतकरी आणि मच्छीमार. गल्फ ऑइल या अमेरिकन कंपनीने तिथे तेलाचा तळ बांधला. १९६८ मध्ये पहिलं राक्षसी जहाज आलं. मोठ्या जहाजांनी तेल इथल्या टाक्यांत उतरवायचं, आणि लहान जहाजांनी ते युरोपभर वाटायचं. घाऊक बाजारासारखं.

कोकणातल्या एखाद्या गावात मोठी कंपनी आली की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. बँट्रीचंही तसंच झालं. जिथून तरुण पोरं पोटासाठी इंग्लंड-अमेरिकेला जायची, तिथे पगाराची नोकरी आली. लोक खूश होते, आणि त्यांनी खूश का असू नये?

जहाज लागायचा धक्का मात्र बेटाला जोडलेला नव्हता. किनाऱ्यापासून साधारण चारशे मीटर आत, पाण्यात स्वतंत्र उभा. पूल नाही. कामगारांनी छोट्या बोटीने जायचं आणि बोटीनेच परत यायचं. चारशे मीटर म्हणजे आपल्या दादर स्टेशनच्या फलाटाचं एक टोक ते दुसरं टोक, आणि थोडं पुढे. दिवसा गमतीचं अंतर. रात्री, जानेवारीच्या बर्फासारख्या पाण्यात, पाण्यावर तेल पेटलेलं असताना? सांगायला नको.

भरलेलं नाही, रिकामं होणारं जहाज घातक

गोष्टीत पुढे जाण्याआधी थोडं विज्ञान. कंटाळू नका, दोन मिनिटांत संपतं.

आपल्याला वाटतं की तेलाने काठोकाठ भरलेलं जहाज सगळ्यात धोकादायक. तसं नाही. तेल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. वाफ साधारण एक टक्क्यापेक्षा कमी असेल तर पेटत नाही, दहा टक्क्यांच्या वर गेली तर हवा कमी पडते म्हणून पेटत नाही. मधल्या पट्ट्यात मात्र ठिणगीची खोटी. काठोकाठ भरलेल्या कप्प्यात हवेला जागाच नसते. पण जहाज बंदरात आलं, पंप सुरू झाले, तेल उतरू लागलं, की रिकाम्या झालेल्या जागेत बाहेरून हवा शिरते. आत तेलाची वाफ आहेच. म्हणजे ज्या जागी सगळ्यात जास्त माणसं जवळ असतात, त्या बंदरातच जहाज आतून बॉम्ब व्हायला लागतं.

१९६९ च्या डिसेंबरमध्ये एकाच महिन्यात तीन अवाढव्य टँकर स्फोटाने फाटले: मार्पेसा, मॅक्ट्रा आणि कॉंग हाकोन सातवा. तिन्हींवर रिकामे कप्पे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुण्याचं काम चाललं होतं. फवाऱ्याच्या तुषारांतून स्थिर वीज तयार झाली असावी, या निष्कर्षापर्यंत तज्ज्ञ आले. डिसेंबर १९७६ मध्ये तर लॉस एंजेलिसच्या बंदरात, धक्क्याला बांधलेलं ‘सॅन्सिनेना’ फुटलं. तेल उतरवून झालं होतं, रिकाम्या कप्प्यांत समुद्राचं पाणी भरत होते. पाणी आत गेलं तशी वाफ बाहेर आली, त्या संध्याकाळी वारा पडलेला, वाफ डेकवरच साचून राहिली. नऊ माणसं गेली.

यावर उपाय नव्हता का? होता! आणि तो इतका साधा आहे की हसू येईल. जहाजाच्या बॉयलरमधून जो धूर निघतो, त्यातला प्राणवायू जळून गेलेला असतो. तो धूर पाण्याने धुवायचा, गार करायचा आणि तेलाच्या कप्प्यात सोडायचा. तेल जसं उतरेल तशी जागा हवेने नाही, तर या मेलेल्या वायूने भरायची. आपल्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. तो ११ टक्क्यांच्या खाली गेला की तेलाची वाफ पेटूच शकत नाही. म्हणून नियम सांगतो की कप्प्यात तो ८ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. याला इनर्ट गॅस म्हणतात. काही कंपन्यांनी १९७९ च्या कितीतरी आधी स्वतःहून ही यंत्रणा बसवली होती.

आपल्या गोष्टीतल्या जहाजावर ती नव्हती.

बीटलज्यूस

जहाजाचं नाव बीटलज्यूस. मृग नक्षत्राजवळचा तो लालसर तारा, आपण ज्याला आर्द्रा म्हणतो, त्याचं पाश्चात्त्य नाव. फ्रेंच जहाज, तोताल कंपनीचं, १९६८ मध्ये बांधलेलं, सुमारे एक लाख एकवीस हजार टन क्षमतेचं. व्हिडीला येणाऱ्या राक्षसांच्या मानाने मध्यमच.

२४ नोव्हेंबर १९७८ रोजी ते सौदीच्या रास तनुरा बंदरातून तेल भरून निघालं. जायचं होतं पोर्तुगालला. वाटेत सिनेश बंदरात थोडं तेल उतरवून हलकं व्हायचं होतं, पण हवामान खराब, आत जाता आलं नाही. पुढे लेशॉइंश बंदर, तर तिथे एक दुसरंच जहाज तोंडावर रुतून बसलेलं. म्हणून हुकूम आला की आयर्लंडला जा. म्हणजे बँट्री हे त्याचं ठरलेलं ठिकाण नव्हतंच. एखादा पाहुणा दोन घरांना कुलूप बघून तिसऱ्या घरी यावा, तसं ते आलं.

४ जानेवारी १९७९ ला जहाज खाडीत शिरलं. पोटात सुमारे एक लाख चौदा हजार टन कच्चं तेल. ६ तारखेला संध्याकाळी धक्क्याला लागलं, रात्री साडेअकराला तेल उतरवायला सुरुवात झाली. अंदाजे छत्तीस तासांचं काम. रविवार उजाडला, मावळला. सगळं नेहमीसारखं.

काम सुरू होऊन साधारण पंचवीस तास झाले होते. रविवारची मध्यरात्र उलटून सोमवार, ८ जानेवारी लागला होता. साडेबाराच्या सुमाराला जहाजातून कडकडाट आल्यासारखा आवाज झाला. मग आग दिसली, आणि ती पसरत गेली. एक वाजून काही मिनिटांनी प्रचंड स्फोट झाला. आजूबाजूच्या गावांतले लोक झोपेतून उठून बाहेर आले. खाडी दिवसासारखी उजळली होती. जहाज मधून मोडलं. काँक्रीटचा धक्का चिरडला गेला. आगीचं तापमान हजार अंशांच्या पुढे गेल्याचा अंदाज आहे. पेटलेली माणसं पाण्यात पडताना पाहिल्याचं किनाऱ्यावरच्या लोकांनी सांगितलं.

अग्निशमन दलाची माणसं आली. जहाजाजवळ जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी बेटावरच्या तेलाच्या टाक्या वाचवण्यावर जोर लावला आणि त्या वाचवल्या. हे काम छोटं नव्हतं. त्या टाक्या पेटल्या असत्या तर ही गोष्ट वेगळीच झाली असती. साधारण बारा तासांनी जहाज जागेवरच बुडालं, तेव्हा मुख्य आग विझली. विषारी वायूंमुळे पुढचे दोन आठवडे कोणाला जवळ जाता आलं नाही.

पन्नास माणसं गेली. ४२ फ्रेंच, ७ आयरिश, १ ब्रिटिश. मृतदेह मिळाले फक्त २७. पुढे जहाजाचे तुकडे काढताना एक डच पाणबुड्याही गेला. त्या रात्री जहाजावर आणि धक्क्यावर असलेल्यांपैकी एकही जण वाचला नाही.

अर्धा तास

आता मी मघाशी सांगितलेल्या वेळा पुन्हा बघा. साडेबारा, आणि एक वाजून काही मिनिटं. मध्ये जवळपास अर्धा तास आहे.

हा अर्धा तास म्हणजे या सगळ्या प्रकरणाचं मर्म. आयर्लंड सरकारने न्यायमूर्ती डेक्लन कॉस्टेलो यांचा चौकशी आयोग नेमला. तोताल म्हणत होती, सुरुवात धक्क्यावर झाली. गल्फ म्हणत होती, जहाजावर झाली. आणि धक्क्याकडून सांगण्यात येत होतं की आग आणि स्फोट जवळजवळ एकदमच झाले, काही करायला वेळच नव्हता.

१९८० मध्ये आलेल्या अहवालात आयोगाने यातलं बरंच काही खोडून काढलं. एक, जहाज गंजलेलं होतं. पोटातल्या पाण्याच्या टाक्यांचे लोखंडी भाग झिजलेले होते, हे १९७७ मध्ये दुरुस्तीच्या वेळी मालकांना माहीत होतं. पण जहाज विकायचा विचार होता, मग उगाच खर्च कशाला, म्हणून ते भाग बदलले नाहीत. दोन, तेल उतरवताना जहाजात भार नीट वाटला गेला नाही. लांब फळीवर सगळे एकाच जागी उभे राहिले तर फळी वाकते, तसंच जहाजाचं होतं. म्हणून कुठल्या कप्प्यात किती भार आहे, त्याने जहाजाच्या पाठीवर किती ताण येतोय, हे मोजणारं यंत्र असतं. ते यंत्र या जहाजावर नव्हतं. झिजलेली पाठ आणि चुकीचा भार, म्हणून ती मोडली. जहाज गमावण्याची मोठी जबाबदारी आयोगाने तोतालवर टाकली.

पण जहाज मोडणं एक, आणि पन्नास माणसं जाणं दुसरं. आयोगाने धक्क्याकडेही बोट दाखवलं, आणि तो भाग वाचताना पोटात कालवतं.

मदतीला ठेवलेली टगबोट धक्क्याजवळ नव्हती. ती अशा जागी बांधलेली होती जिथून धक्का दिसतसुद्धा नव्हता. पाण्याच्या नळांत कायम दाब असावा ही मूळ व्यवस्था नंतर बंद केली होती, म्हणजे आग दिसली की नळ सोडला आणि पाणी आलं असं होणार नव्हतं. बेटावरच्या नियंत्रण कक्षात ज्या माणसाने धक्क्यावर नजर ठेवायची, तो आग सुरू झाली तेव्हा कक्षात नव्हता, असा आयोगाचा निष्कर्ष आहे. आणि ही गोष्ट लपवायचा प्रयत्न झाला, असाही.

टगबोट जवळ असती आणि कक्षात माणूस असता, तर त्या अर्ध्या तासात माणसं उतरवता आली असती. बोट यायला अर्धा तास पुरतो. चारशे मीटर तर होतं!

मला यात सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. यातली एकही गोष्ट एका दिवसात झाली नाही, आणि कोणी दुष्टपणे केली नाही. टगबोट धक्क्याजवळ ठेवली तर लाटांत आपटते, लांब शांत पाण्यात ठेवली तर सोयीचं. नळांत दाब ठेवायचा तर पंप, देखभाल, खर्च. आणि दहा वर्षं जहाजं येत होती, जात होती. काहीच झालं नव्हतं. एखादा नियम ढिला केला, काही झालं नाही. मग दुसरा. “अरे, काही होत नाही रे!” हे वाक्य आपण रोज बोलतो. गॅसची नळी बदलायची आहे, नंतर बघू. सोसायटीच्या जिन्यात सायकली आणि कपाटं ठेवलीत, काही होत नाही. आग विझवायच्या सिलिंडरची तारीख गेलीय, दिवाळीनंतर बघू. काही झालं नाही म्हणजे आपण बरोबर वागलो, असं नसतं. कधीकधी त्याचा अर्थ एवढाच की अजून रात्रीचे साडेबारा वाजलेले नाहीत.

मग नियमांचं काय झालं?

नियम लिहिलेले होतेच, हे आधी सांगितलं पाहिजे. जहाजांच्या सुरक्षेचा मोठा आंतरराष्ट्रीय करार आहे, सोलास. टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ मध्ये तो जन्माला आला. त्याची १९७४ ची आवृत्ती तयार होती. नव्या मोठ्या टँकरवर इनर्ट गॅस हवा, हे त्यात होतं. १९७८ च्या फेब्रुवारीत खास टँकरसाठी परिषद झाली आणि तो नियम लहान टँकरपर्यंत, म्हणजे वीस हजार टनांपर्यंत खाली आणायचं ठरलं. जहाज आणि तेलतळ यांनी कसं वागायचं याचं जाडजूड मार्गदर्शक पुस्तकही १९७८ मध्येच निघालं होतं.

पण करार लागू व्हायला पुरेशा देशांची मान्यता लागते. ती येईपर्यंत नियम कपाटात. १९७४ चा करार लागू झाला २५ मे १९८० ला. पुरेशी मान्यता मिळाल्यावर बारा महिन्यांनी तो लागू होतो अशी अट होती. म्हणजे तो आकडा भरला मे १९७९ मध्ये, व्हिडीच्या साडेचार महिन्यांनंतर. १९७८ ची टँकरवाली भर मे १९८१ मध्ये लागू झाली. आयर्लंडमध्ये धोकादायक पदार्थांचा कायदा १९७२ पासून होता, पण तेलाच्या धक्क्यांसाठीचे नियम १९७९ मध्ये निघाले. सगळं होतं, फक्त थोडं उशिरा.

आज एखादं टँकर धक्क्याला लागलं की तेलाचा पाइप जोडण्याआधी एक यादी भरावी लागते. जहाजाचा अधिकारी आणि तळाचा माणूस, दोघांनी मिळून. बोलायचं कोणत्या रेडिओवर? पंप तातडीने थांबवायचा इशारा काय? आगीचे पाइप जोडून तयार आहेत का? कप्प्यातला प्राणवायू ८ टक्क्यांच्या खाली आहे का? धक्का सोडून पळायचा रस्ता कोणता? इंजिन चालू स्थितीत आहे का, म्हणजे वेळ आली तर जहाज स्वतःहून निघू शकेल? दोघांनी सही करायची आणि काम चालू असताना ठरावीक वेळाने पुन्हा तपासायचं. अनेक बंदरांत जहाजाच्या समुद्राकडच्या बाजूने पोलादी दोर लोंबते ठेवायची पद्धत होती. जहाजावर कोणी उरलं नाही तरी टगबोटीला तो दोर पकडून पेटलेलं जहाज ओढून नेता यावं म्हणून. जहाजावर कोणी उरलं नाही तरी! हा नियम लिहिणाऱ्याने काय पाहिलं असेल?

आणि हो, ठिणगी उडणार नाही अशा खास बनावटीचा नसेल, तर मोबाईल तिथे चालत नाही. पेट्रोल पंपावरचा तो बोर्ड आपण रील बघत दुर्लक्षित करतो. त्याचा थोरला भाऊ टँकरच्या जिन्यापाशी असतो.

मुंबईचे दोन तास

‘अर्धा तास’ म्हटल्यावर मुंबईकरांना कदाचित एक तारीख आठवली असेल. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन हे जहाज. ते टँकर नव्हतं, युद्धाचा माल घेऊन आलेलं मालवाहू जहाज होतं. पण एकाच पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, कापसाच्या गाठी आणि तेलाची पिंपं! स्फोटकं असलेल्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो. तो लावलेला नव्हता. युद्धाची घाई होती.

दुपारी दोनच्या सुमाराला कापूस धुमसताना दिसला. पहिला मोठा स्फोट झाला चार वाजून सहा मिनिटांनी. मध्ये दोन तास. जहाज बुडवावं की बाहेर ओढून न्यावं, हा निर्णय त्या दोन तासांत झाला नाही. अग्निशमन दलाचे जवान मात्र जहाज सोडून गेले नाहीत. त्यांतले ६६ जण गेले. एकूण मृतांचा आकडा आठशेच्या पुढेच धरला जातो. त्यांच्या आठवणीत १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन असतो.

बँट्रीत अर्धा तास, मुंबईत दोन तास. दोन्हीकडे वेळ होता. त्या वेळात नियमाप्रमाणे काय करायचं ते कोणी ठरवायचं, आणि तो माणूस कुठे उभा आहे, हे आधी ठरलेलं नव्हतं.

शेवटी

व्हिडीचा तो धक्का पुन्हा कधी बांधला गेला नाही. गल्फने १९८६ मध्ये तळ आयर्लंड सरकारच्या हवाली केला. बँट्रीच्या कबरस्तानात, खाडीकडे तोंड करून, त्या रात्रीचं स्मारक आहे. त्या रात्री वडील गमावलेला एक मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. मोठा होऊन तो सागरी कायद्याचा वकील झाला, आणि समुद्रावरच्या सुरक्षेसाठी आणि त्या पन्नास जणांच्या न्यायासाठी अजूनही भांडतो आहे.

आपल्या जवाहर द्वीपावर ऑक्टोबर २०१७ मध्ये वीज पडून डिझेलची एक टाकी पेटली होती. मुंबईच्या किनाऱ्यावरून धूर दिसत होता. आग विझायला काही दिवस लागले, पण जीवितहानी झाली नाही. अशी बातमी आपण दोन दिवसांत विसरतो. विसरावी अशीच ती असते, कारण तिच्यात कोणी मेलेलं नसतं. पण त्यामागे दाब असलेले नळ असतात, जवळ उभ्या बोटी असतात आणि रात्रपाळीला जागेवर बसलेली माणसं असतात.

पुढच्या वेळी घारापुरीला जाताना त्या बेटाकडे एकदा बघा. धक्क्याला जहाज लागलेलं असेल, तर जवळपास छोटी, दणकट टगबोट दिसते का शोधा. ती दिवसभर काही करताना दिसणार नाही. नुसती उभी असेल. तिचं काम तेच आहे.

आणि आज घरी गेल्यावर गॅसच्या नळीवरची तारीख बघा. बघाल ना? चला, पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, मंडळी.